फॉसिलचं वय फॉसिलमध्ये नसतं: विंध्य खडक, झिरकॉन आणि १९९८ चा वाद

स्तरलेखा

परवा दुसऱ्या एका धाग्यावर विषय निघाला होता की चित्रकूटला १६० कोटी वर्षांपूर्वीचं लाल शैवाल सापडलंय, आणि लगेच खाली प्रश्न आला की हे कार्बन डेटिंग कितपत भरवशाचं. तिथे उत्तर लिहायला घेतलं आणि ते इतकं लांबलं की वेगळा धागाच काढते.

आधी कार्बनचा विषय संपवू. कार्बन-१४ चं अर्धायुष्य ५७३० वर्षं. पन्नासेक हजार वर्षांच्या पलीकडे मोजण्यासारखं काही उरत नाही. आपण बोलतोय ते त्याच्या तीस हजार पट मागचं, तिथे कार्बन-१४ चा काहीही संबंध नाही.

दुसरी गोष्ट, जी मला खरी सांगायचीय. एवढ्या जुन्या फॉसिलचं वय फॉसिलवरून काढत नाहीत, खडकावरून काढतात, आणि खडकातही प्रत्येक ठिकाणी घड्याळ नसतंच. वाळूचा दगड घ्या. त्यातला एकेक कण त्याच्याही आधीच्या कुठल्यातरी डोंगरातून झिजून आलेला असतो, त्याचं वय काढलं तर त्या डोंगराचं वय मिळेल, तो कण समुद्राच्या तळाशी येऊन कधी बसला ते नाही मिळणार. म्हणजे एवढंच म्हणता येतं की हा वाळूचा दगड त्यातल्या सगळ्यात तरुण कणापेक्षा जुना असू शकत नाही. किती तरुण आहे ते मात्र मोकळंच राहतं.

मग घड्याळ शोधायचं कुठे तर राखेत. ज्वालामुखी फुटला, राख उडाली, समुद्रावर पडली, तळाशी बसली, वर पुन्हा नेहमीचा गाळ साचायला लागला. भूशास्त्राच्या हिशेबात हे सगळं एका क्षणात झालं. या राखेत झिरकॉनचे बारीक स्फटिक असतात. झिरकॉन म्हणजे झिर्कोनियमचं सिलिकेट. मॅग्मात तो तयार होताना झिर्कोनियमच्या जागी थोडं युरेनियम सहज बसतं, शिशाला मात्र त्या जाळीत जागाच नाही, त्याचा आकार जुळत नाही आणि विद्युतभारही जुळत नाही. म्हणजे सुरुवात करताना पाटी कोरी. आज त्या कणात जे शिसं सापडतं ते जवळपास सगळं युरेनियमच्या ऱ्हासातून तिथेच जन्मलेलं. शिसं आणि युरेनियम यांचं प्रमाण मोजलं की वय.

आणि यातली सगळ्यात सुंदर गोष्ट म्हणजे एका कणात दोन घड्याळं असतात. युरेनियम-२३८ चं शिसं-२०६ होतं, अर्धायुष्य ४४७ कोटी वर्षं. युरेनियम-२३५ चं शिसं-२०७ होतं, अर्धायुष्य ७० कोटी वर्षं. दोन्ही एकाच वेळी सुरू झालेली पण चालीचा वेग वेगळा, आणि दोघांनी एकच वय सांगितलं तर मग त्यावर विश्वास ठेवायला जागा आहे.

आता १९९८. त्या एका वर्षात विंध्य खडकांबद्दल (चित्रकूटचे थरही त्यातलेच) दोन पेपर आले आणि दोघांचं एकमेकांशी अजिबात जमत नव्हतं. पहिला सायन्स या जर्नलमध्ये, अॅडॉल्फ झाइलाखर, प्रदीप बोस आणि सहकाऱ्यांचा. मध्य प्रदेशातल्या चोरहाट सँडस्टोनवर किड्यांनी उकरलेल्या बोगद्यांसारख्या खुणा आहेत, खडक ११० कोटी वर्षांचा आहे, म्हणजे प्राणी आपण समजत होतो त्याच्या दुप्पट जुने. दुसरा रफत आझमींचा. चोरहाटच्या वरच्या रोहतास चुनखडकात त्यांना बारीक कवचांसारखे आणि नळ्यांसारखे जीवाश्म मिळाले, ते कँब्रियनच्या (म्हणजे प्राण्यांचे जीवाश्म भरपूर दिसायला लागतात त्या कालखंडाच्या) सुरुवातीच्या जीवाश्मांसारखे दिसतात, म्हणजे खडकाचं वय ५४ कोटींच्या आसपास. आझमी बरोबर असतील तर चोरहाटही तेवढाच तरुण, मग तिथल्या किड्यांच्या बोगद्यांत नवल काहीच नाही.

एकाच डोंगररांगेतले थर, आणि फरक ५०-६० कोटी वर्षांचा. कोणाचं खरं?

तोपर्यंतची बरीच वयं ग्लॉकोनाइट नावाच्या हिरव्या खनिजावरून पोटॅशियम-आरगॉन पद्धतीने काढलेली होती आणि आरगॉन हा वायू आहे, खडक थोडा तापला तरी निसटतो. त्यामुळे त्यांच्या जोरावर वाद मिटणं शक्यच नव्हतं. मिटला तो २००२ मध्ये. जिऑलॉजी जर्नलच्या एकाच अंकात दोन वेगवेगळ्या गटांचे पेपर आले. रासमुसेन आणि सहकाऱ्यांनी चोरहाटच्या खालच्या आणि वरच्या राखेच्या थरांतले झिरकॉन मोजले, वय आलं १६२.८ आणि १५९.९ कोटी वर्षं, चूक दोन्हीकडे ८० लाखांची. ज्योतिरंजन रे आणि सहकाऱ्यांनी देवनार इथल्या थरांवरून काढलं, १६३.१ कोटी.

म्हणजे दोघांचीही वयं चुकली. एकाची ५० कोटींनी आणि दुसऱ्याची १०० कोटींहून जास्त. पण आझमींचे जीवाश्म खरेच होते, आणि तिथून पुढची गोष्ट मला जास्त आवडते. प्रश्न असतील तर विचारा, मी हळूहळू लिहिते.

चकमक

वाचनखूण साठवली. खूप दिवसांनी असा धागा आला.

एक शंका. तुम्ही म्हणता शिसं आतच जन्मलं. पण १६० कोटी वर्षं तो कण जमिनीत पडलाय, पाणी लागतंय, दाब पडतोय, तापतोय. शिसं बाहेर गळून गेलं तर? मग वय चुकणार नाही का?

स्तरलेखा

@चकमक, चुकतं ना. गळती होतेच. पण ती कुठल्या बाजूला चुकवते ते बघा. शिसं गेलं की कण आहे त्यापेक्षा तरुण वाटतो. ५४ कोटींचा कण गळून गळून १६३ कोटींचा दिसेल हे कधीच होणार नाही.

आणि गळती पकडता येते ती दोन घड्याळांमुळेच. शिशाचे दोन्ही समस्थानिक, म्हणजे २०६ आणि २०७ हे प्रकार, रसायनाच्या दृष्टीने सारखे, त्यामुळे गळतात तेव्हा दोन्ही एकाच प्रमाणात गळतात, पण त्यांची घड्याळं वेगळ्या वेगाने चाललेली असतात म्हणून गळतीनंतर दोघांची वयं एकमेकांशी जुळेनाशी होतात. जुळणाऱ्या वयांची जी वक्ररेषा आहे तिला कॉनकॉर्डिया म्हणतात. कण रेषेवर असला तर ठीक, खाली घसरला तर समजायचं काहीतरी गेलंय.

मी कागदावर हिशेब मांडला होता तो इथे देते, तुम्हीही करून बघा. १६३ कोटी वर्षांनंतर युरेनियम-२३८ च्या दर १०० अणूंपैकी ७८ शिल्लक असतात, आणि २३५ च्या दर १०० पैकी फक्त २०. तोच कण ५४ कोटींचा असता तर २३८ चे ९२ उरले असते आणि २३५ चे ५९. कुठे २० आणि कुठे ५९. इतका मोठा फरक आहे की इथे मोजमापाची बारीकसारीक चूक वगैरे प्रश्नच येत नाही.

राखाडी

धागा बघून राहवलं नाही. मी काही वर्षं झिरकॉन वेगळे करण्याचं काम केलंय म्हणून त्या भागाचं लिहितो, कारण पेपरात एका ओळीत "झिरकॉन नेहमीच्या पद्धतीने वेगळे केले" असं येतं आणि त्या ओळीमागे महिनाभर गेलेला असतो.

राखेचा थर शेतात, म्हणजे फील्डवर, दिसतो कसा? तरुण असेल तर मऊ, फिकट हिरवट किंवा पिवळट चिकणमातीची बोट-दोन बोटं जाडीची पट्टी, आजूबाजूच्या दगडापेक्षा लवकर झिजून आत गेलेली, नखाने उकरता येते. विंध्यमधली मात्र तशी नाही. तिथली राख सिलिका भरून कडक झालेली, तिला पोर्सेलनाइट म्हणतात, हातोडा मारला की चिनी मातीच्या बशीसारखी फुटते, कडा हाताला कापतात. नुसतं बघून ही राख आहे हे पटत नाही, पातळ काप करून मायक्रोस्कोपखाली काचेच्या तुकड्यांचे आकार दिसले की मग पटतं.

मग दहा-पंधरा किलो दगड आणायचा, आधी बाहेरची कातडी काढून टाकायची, जबड्यासारख्या क्रशरमध्ये फोडायचा, दळायचा, चाळायचा. पुढे पाण्याच्या हलत्या टेबलावरून सोडायचा, हलकं वाहून जातं, जड मागे राहतं. मग चुंबक, लोहयुक्त खनिजं बाजूला जातात. मग जड द्रव, ज्यात क्वार्ट्झ तरंगतो आणि झिरकॉन बुडतो. शेवटी बशीत अल्कोहोल आणि त्यात तळाशी चिमूटभर पावडर. तिथून सुईने एकेक कण उचलायचा. केसाच्या जाडीएवढे कण, कधी त्याहूनही बारीक. राखेतला चांगला झिरकॉन ओळखू येतो, लांबट, दोन्ही टोकांना पेन्सिलीसारखा टोकदार, कडा धारदार, स्वच्छ, किंचित गुलाबी. नदीतून वाहत आलेला असला तर कडा झिजून गोल झालेल्या असतात. पंधरा किलोतून कधी दोनशे कण मिळतात, कधी सात, आणि कधी काहीच नाही.

आता चुकांबद्दल, कारण त्याही सांगायला हव्यात. एकदा आमच्या इथे एका जुन्या राखेच्या सॅम्पलमध्ये बाकीचे सगळे कण १६० कोटींच्या पुढचे आणि एकच कण ७ कोटींचा निघाला. दोन दिवस आम्ही त्या एका कणाचा अर्थ लावत बसलो होतो. शेवटी रजिस्टर काढून बघितलं तर आमच्या आधी त्याच चाळणीवर तरुण खडकाचं सॅम्पल चाळलेलं होतं, जाळीत अडकलेला कण आमच्यात आला. चाळणी धुतली होती, पण नीट धुतली नव्हती. आम्ही ती पूर्ण बॅच बाजूला ठेवली आणि राखून ठेवलेल्या दगडातून सगळं पहिल्यापासून केलं, तीन आठवडे गेले. त्यानंतर मी प्रत्येक सॅम्पलला नवी जाळी लावायचो.

गळतीबद्दल अजून एक. युरेनियमच्या किरणांनी कणाचा जो भाग खिळखिळा होतो तिथूनच शिसं जातं. तर आता कण आधी ९०० अंशांवर दोन-अडीच दिवस तापवतात आणि मग हायड्रोफ्लोरिक आम्लात ठेवतात, खिळखिळा भाग विरघळून जातो, धडधाकट गाभा उरतो, तोच मोजायचा. ही पद्धत मॅटिन्सन यांनी २००५ मध्ये मांडली. त्यानंतर वयातली चूक खूपच खाली आली.

सोनचाफा

@राखाडी, असं कोणी लिहीतच नाही कधी. धन्यवाद. त्या सात कणांवरून एखाद्या जीवाश्माचं वय ठरतं हे वाचून अंगावर काटा आला.

दूरचा_वाटसरू

मला एक हरकत आहे आणि ती मी मनापासून विचारतोय, वाद घालायचा म्हणून नाही.

शिसं गळलं तर वय कमी दिसतं हे समजलं. पण वय जास्त दिसण्याचा मार्ग आहे की. मॅग्मा वर येताना जुन्या खडकातून येतो. त्या जुन्या खडकातले झिरकॉन वितळत नाहीत, ते तसेच मॅग्मात येतात आणि राखेबरोबर बाहेर पडतात. म्हणजे राख ५४ कोटींची आणि त्यात पाहुणे आलेले झिरकॉन १६३ कोटींचे, असं का नसेल? आझमींच्या बाजूने कोणी हा मुद्दा मांडला तर त्याला काय उत्तर?

स्तरलेखा

@दूरचा_वाटसरू, हरकत अगदी रास्त आहे आणि फक्त झिरकॉनच्या जोरावर तिला पूर्ण उत्तर देता येणार नाही हे मी आधीच मान्य करते. पाहुणे कण असतातच. म्हणून तर एका कणावर कोणी थांबत नाही. पाहुणे असतील तर ते वेगवेगळ्या वयांचे असायला हवेत, कोणी १८० कोटी, कोणी २५० कोटी, आणि त्यांच्यात राखेचं स्वतःचं तरुण पीक दिसायला हवं. दोन वेगळ्या गटांनी वेगळ्या सॅम्पलवर काम केलं आणि दोघांनाही १६३ च्या आसपासचाच घोळका मिळाला. शिवाय चोरहाटच्या खालची राख जुनी आणि वरची तरुण, क्रम बरोबर. पाहुणे कण असा क्रम कशाला पाळतील?

पण समजा तरी पटत नाही. मग झिरकॉनशी संबंधच नसलेले दोन पुरावे बघा.

एक म्हणजे खुद्द चुनखडक. चुनखडकात समुद्राच्या पाण्यातून थोडं युरेनियम आणि थोडं शिसं येतं, आणि एकाच थराच्या वेगवेगळ्या तुकड्यांत शिशाच्या समस्थानिकांचं प्रमाण मोजलं तर ते एका सरळ रेषेवर येतात, तिच्या उतारावरून वय मिळतं. रोहतास चुनखडकाचं असं काढलेलं वय १५९.९ कोटी आलं, चूक ४.८ कोटींची. चूक मोठी आहे, पण ५४ च्या जवळपास कुठेच नाही. आणि इथे ना ज्वालामुखी ना पाहुणे.

दुसरा मला सगळ्यात जास्त पटणारा, कारण त्याला फार यंत्रं लागत नाहीत. पन्नाजवळ मझगवां इथे हिऱ्यांची खाण आहे, ती ज्या किंबर्लाइटच्या (खूप खोलवरून आलेल्या ज्वालामुखी खडकाच्या) नळीत आहे ती नळी खालून वर येताना विंध्यमधल्याच कैमूर गटाच्या सँडस्टोनला भोसकून आलीय. भोसकणारा नेहमी तरुण, ज्याला भोसकलं तो आधीचा, यात शंकेला जागा नाही. नळीतल्या अभ्रकाचं वय १०७ कोटी. म्हणजे कैमूर १०७ कोटींहून जुना. आणि रोहतास कैमूरच्या खाली. मग रोहतास कँब्रियनमधला असणार कसा? १६३ कोटी सोडा, ५४ कोटी तर या एका नळीमुळेच बाद होतं.

दूरचा_वाटसरू

किंबर्लाइटचा मुद्दा डोक्यात आलाच नव्हता. पटलं. थरांचा क्रम आणि भोसकणं, एवढ्यावरच निम्मा वाद संपतो म्हणजे.

पानगळ

मग झाइलाखरांच्या किड्यांचं काय झालं? ११० कोटींवर लोकांना जड जात होतं, आता तर १६० कोटी.

स्तरलेखा

@पानगळ, वय मागे गेलं तसं प्राण्यांचं म्हणणं अवघड होत गेलं. १६० कोटींवर उकरणारा किडा मानायचा तर पुढची १०० कोटी वर्षं त्याच्या वंशजांनी जगभर कुठेच एकही खूण सोडली नाही असं मानावं लागतं. आज बरेच जण त्या खुणा सूक्ष्मजीवांच्या चटईशी जोडतात. तेव्हा समुद्रतळावर चटईसारखा जिवाणूंचा थर पसरलेला असायचा, त्याच्या खाली-आत भेगा पडून, सुरकुत्या येऊन असे नळीसारखे आकार तयार होऊ शकतात.

पण झाइलाखर या विषयातले फार मोठे माणूस होते हे लक्षात असू द्या. त्यांनी खुणा नीट पाहिल्या होत्या, प्रामाणिकपणे मांडल्या होत्या, आणि त्यांच्या त्या पेपरामुळेच बाकीचे लोक राख शोधायला गेले.

अश्मक

या धाग्यात एडियाकरा यायलाच पाहिजे, कारण "फॉसिल दिसतं कसं त्यावरून वय" ही चूक तिथे आधीच होऊन गेलीय.

१९४६ मध्ये रेग स्प्रिग यांना दक्षिण ऑस्ट्रेलियात एडियाकरा टेकड्यांवर जेलीफिशसारखे गोल ठसे सापडले. तेव्हाची समजूत अशी की कँब्रियनच्या आधी डोळ्यांना दिसेल एवढा जीव नव्हताच. मग ठसे दिसतायत म्हणजे खडक कँब्रियनचा, झालं. स्प्रिग यांनीही ते सुरुवातीच्या कँब्रियनमधले जेलीफिश म्हणूनच छापले. म्हणजे जीव होते का हे तपासायचं ज्या खडकावरून, त्याचं वयच "जीव नव्हते" या समजुतीवरून ठरलं! गोल गोल फिरायचं नुसतं.

ही गाठ सुटली इंग्लंडमध्ये. १९५७ साली लेस्टरशरच्या चार्नवुड जंगलात रॉजर मेसन नावाच्या शाळकरी मुलाला पानासारखा एक ठसा दिसला. त्याच्या आधीच्या वर्षी टीना नेगस या मुलीलाही तो दिसला होता, पण इतक्या जुन्या खडकात जीवाश्म असूच शकत नाहीत म्हणून तिचं कोणी ऐकलं नाही. फरक एवढाच की चार्नवुडचे खडक कँब्रियनच्या आधीचे आहेत हे जीवाश्मांवरून नाही तर थरांच्या क्रमावरून आधीच पक्कं होतं. ठसा बाजूला ठेवूनही वय माहीत होतं. तेव्हा कुठे मान्य झालं की हो, आधी जीव होते, आणि मग ऑस्ट्रेलियाचे खडकही मागे सरकले. २००४ मध्ये एडियाकरन हा कालखंडच अधिकृत झाला, ६३.५ कोटींपासून सुरू.

आझमींच्या बाबतीत तेच झालं ना? दिसायला कँब्रियन म्हणून वय कँब्रियन.

स्तरलेखा

@अश्मक, हो, नेमकं तेच. आणि म्हणूनच शीर्षकात ते लिहिलंय. आकारावरून वय लावायचं हे दोनशे वर्षं चांगलं चाललं, ट्रायलोबाइट वगैरे दिसला की वय सांगता येतं, कारण त्यांचा क्रम पक्का माहीत आहे. पण ज्या काळात काय होतं हेच शोधायचंय तिथे ती पद्धत वापरली की तुम्ही उत्तर आधीच हातात घेऊन बसता.

टीना नेगसचा उल्लेख केलात ते फार बरं केलंत.

चकमक

राख थेट जीवाश्मावरच पडलीय असं कुठे आहे का? म्हणजे वरची-खालची अशी कसरत नको.

राखाडी

@चकमक, आहे. कॅनडात न्यूफाउंडलंडचं मिस्टेकन पॉइंट. समुद्राच्या कड्यावर तिरके झालेले मोठे सपाट थर, आणि त्यावर पानांसारखे, पंखांसारखे शेकडो जीव जसे तळावर उभे होते तसेच आडवे झालेले, बरेचसे एकाच दिशेला. त्यांच्यावर राख पडली आणि त्याच राखेने त्यांना झाकलं. म्हणजे राखेचं वय हेच त्यांच्या मरणाचं वय. १९८८ मध्ये काढलेलं ५६.५ कोटी, चूक ३० लाखांची. एवढं थेट फारच कमी ठिकाणी मिळतं.

तिथले जीवाश्म १९६७ मध्ये ज्यांच्या नजरेला पडले ते एस. बी. मिश्रा, आपल्याकडून तिकडे शिकायला गेलेले भूशास्त्राचे विद्यार्थी. त्यातल्या चातीच्या आकाराच्या एका जीवाला त्यांच्याच नावावरून फ्रॅक्टोफ्युसस मिश्राय असं नाव दिलंय. २०१६ पासून ती जागा जागतिक वारसा आहे.

नदीकाठ

भीमबेटकाला डिकिन्सोनिया, म्हणजे एडियाकरन काळातला तो चपटा जीव, सापडला अशी बातमी २०२१ मध्ये आली होती ना? त्याने विंध्यचं वय पुन्हा तरुण ठरलं होतं असं आठवतंय.

स्तरलेखा

@नदीकाठ, आली होती. गुहेच्या छतावर पानासारखा रेषारेषांचा आकार, तो डिकिन्सोनिया असेल तर वरचे विंध्य थर ५५ कोटींचे ठरतात. २०२३ मध्ये जोसेफ मिअर्ट आणि सहकाऱ्यांनी तिथे जाऊन पाहिलं तर तो आग्या मधमाश्यांच्या पोळ्याचा राहिलेला अवशेष होता, काही भाग दगडापासून सुटून लोंबत होता. ज्यांनी मूळ दावा केला त्या रिटॅलॅक यांनीही ते मान्य केलं, आणि मला त्याबद्दल त्यांच्याविषयी आदर आहे. त्या वरच्या थरांचं वय मात्र खरंच अवघड आहे, तिथे चांगली राख नाही. पण त्यातले वाहत आलेले झिरकॉन १०० कोटींच्या आसपास येऊन थांबतात आणि खडकातली चुंबकीय दिशा मझगवांच्या किंबर्लाइटशी जुळते, त्यामुळे मिअर्ट यांचा गट ते १०० कोटींच्या आसपासचे मानतो.

सोनचाफा

राखच नसेल आणि भोसकणारा खडकही नसेल तर मग काय करतात?

राखाडी

@सोनचाफा, काळा शेल, म्हणजे चिखलाचा झालेला दगड, असेल तर ऱ्हेनियम-ऑस्मियम. समुद्रतळावर सेंद्रिय चिखल साचताना पाण्यातलं ऱ्हेनियम त्यात अडकतं, त्याचं हळूहळू ऑस्मियम होतं. इथे खडक स्वतःच घड्याळ असतो, कुठून वाहून आलेला कण नाही. बँगिओमॉर्फा नावाचं लाल शैवाल कॅनडाच्या उत्तरेला सापडलंय, पेशी एकापुढे एक ओळीने, काही ठिकाणी पाचरीसारख्या विभागलेल्या. त्याचं वय बरीच वर्षं १२० कोटी धरलं जायचं. २०१८ मध्ये शेलवरून ऱ्हेनियम-ऑस्मियमने काढलं तर १०४.७ कोटी आलं. एका झटक्यात १५ कोटी वर्षांनी तरुण.

ग्रायपानिया नावाच्या जीवाश्माचंही तसंच. गोल वळलेली रिबिन असते तशी. मिशिगनच्या लोहखडकातली २१० कोटींची म्हणून १९९२ मध्ये गाजली, पुढे तिथल्या ज्वालामुखी खडकातल्या झिरकॉनवरून ती १८७ कोटींवर आली.

पानगळ

वयापुढे ± करून जी चूक लिहितात तिचा अर्थ एकदा सांगा ना. रे यांचं १६३.१ आणि रासमुसेन यांचं १६२.८, मग यात खरं कुठलं?

राखाडी

दोन्ही. रासमुसेन यांची चूक ८० लाखांची आहे म्हणजे त्यांचं उत्तर १६२ ते १६३.६ च्या मध्ये कुठेही, आणि १६३.१ त्यातच बसतं. पण ± मध्ये फक्त मोजमापाची चूक येते. पाहुणा कण, न धुतलेली चाळणी, चुकून दुसऱ्याच थरातून उचललेला दगड, यातलं काहीही त्या आकड्यात नसतं. ते वहीत लिहून ठेवावं लागतं.

दूरचा_वाटसरू

@स्तरलेखा, तुम्ही सुरुवातीला म्हणालात की आझमींचे जीवाश्म खरे होते आणि पुढची गोष्ट जास्त आवडते. ती राहिलीच की.

स्तरलेखा

राहिली होती, लिहिते.

राखेची वयं आल्यावर आझमींच्या जीवाश्मांबद्दल लोकांना दोनच शक्यता वाटत होत्या, एकतर ते जीवाश्म नाहीतच किंवा दुसरीकडून मिसळलेत. स्वीडनचे स्टेफान बेंग्टसन आणि सहकारी चित्रकूटच्या थरांकडे गेले. तिथे स्ट्रोमॅटोलाइटमध्ये, म्हणजे जिवाणूंच्या चटयांचे थरावर थर साचून झालेल्या दगडात, फॉस्फेट आहे आणि फॉस्फेटमध्ये पेशी त्रिमितीत, चपट्या न होता, टिकल्यात. त्यांना ते जीवाश्म मिळाले. आणि ज्या फॉस्फेटमध्ये ते अडकलेत त्याचंच शिशावरून वय काढलं, १६५ कोटी, चूक ८.९ कोटींची. म्हणजे शेजारच्या राखेवर विसंबायचीही गरज उरली नाही. २००९ मध्ये त्यांनी छापलं की हे "कँब्रियन" जीवाश्म खरे आहेत, पण कँब्रियनपेक्षा १०० कोटी वर्षांहून जास्त जुने.

नंतर सिंक्रोट्रॉन या यंत्राच्या तीव्र एक्स-रेने दगड न फोडता आत पाहिलं आणि २०१७ मध्ये तीन नवी नावं आली, त्यातली दोन सांगते. एक रामाथॅलस लोबॅटस, चित्रकूटमुळे रामाचं नाव, गाठीगाठींसारखा वाढणारा. दुसरा धाग्यासारखा, मोठ्या पेशींची एकेरी ओळ, मधल्या पडद्यांच्या बरोबर मध्यभागी लाल शैवालांत असतात तशा जोडण्यांसारखं काहीतरी. बहुपेशीय लाल शैवाल, १६० कोटी वर्षांचं, बँगिओमॉर्फाहून ५० कोटींहून जास्त जुनं. सगळ्यांना हे लाल शैवाल म्हणून मान्य आहे असं नाही, पण वयाबद्दल आता कोणी भांडत नाही.

त्या धाग्यासारख्या शैवालाचं नाव रफतआझमिया चित्रकूटेन्सिस. ज्यांनी ते जीवाश्म आधी पाहिले आणि ज्यांचं वय १०० कोटी वर्षांनी चुकलं, त्यांच्या नावावरून.

सोनचाफा

हे नाव वाचून खरंच भरून आलं.

चकमक

त्या पेशींच्या आत काही दिसतं का? की नुसत्या भिंती?

स्तरलेखा

@चकमक, दिसतं. प्रत्येक पेशीत मधोमध एक शंकरपाळीच्या आकाराची चकती लोंबत असल्यासारखी आहे. एका पेशीत नाही, ओळीतल्या पेशीपेशीत. बेंग्टसन आणि सहकारी तिला पायरेनॉइड मानतात, म्हणजे शैवालाच्या हरितलवकातला तो भाग जिथे कार्बन डायऑक्साइड पकडला जातो.

राखाडी

आणि ज्या फॉस्फेटने ती चकती धरून ठेवलीय, त्याच फॉस्फेटमधलं शिसं मोजून वय काढलंय.

स्तरलेखा

हो, त्याच दगडातलं.